प्रायव्हेट फील्डमध्ये काय दडलंय ते रिफ्लेक्शनने बघितलं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग जावात आहे, त्यात काही बिलांवर जीएसटी एका पैशाने हलायचा आणि हिशोबाची लायब्ररी बाहेरची, सोर्स नाही नुसती जार (कंपाइल केलेली फाइल), राउंडिंग मोड, म्हणजे पैसे कसे पूर्णांकायचे ती सेटिंग, प्रायव्हेट फील्डमध्ये (क्लासबाहेरून न दिसणारी व्हॅल्यू) आणि ती वाचून देणारा गेटरच नाही. मग रिफ्लेक्शन लावलं, म्हणजे प्रोग्राम चालू असताना क्लासच्या आत डोकवायची जावाची सोय. गेटफील्ड इथं कामाचं नाही, ते फक्त पब्लिक देतं. गेटडिक्लेअर्डफील्ड वापरलं तर नोसचफील्डएक्सेप्शन! कारण ते फक्त त्याच क्लासमधलं बघतं, वडिलोपार्जित फील्ड त्याला दिसत नाही. म्हणून गेटसुपरक्लास करत वर चढलो, फील्ड सापडलं, सेटअ‍ॅक्सेसिबल ट्रू करून प्रायव्हेटचं कुलूप काढलं, प्रिंट मारलं तर हाफ इव्हन, म्हणजे बरोबर मधोमध आलं की सम अंकाकडं. आमच्याकडं हाफ अप, मधोमध आलं की वर. म्हणजे 12.345 चं ते 12.34 करतंय आणि आपण 12.35, पार्टी उगंच ओरडत नव्हती की.

व्हॅल्यू तिथंच रिफ्लेक्शनने बदलायचा मोह होतो पण नको, पुढच्या व्हर्जनला फील्डचं नाव बदललं की रनटाइमला बोंब. कन्स्ट्रक्टरमध्ये मोड देता येत होता, तिथं हाफ अप दिला, काम झालं.

हां, जावाच्या स्वतःच्या क्लासवर हे केलंत तर जावा 16 पासून सेटअ‍ॅक्सेसिबललाच इनअ‍ॅक्सेसिबलऑब्जेक्टएक्सेप्शन येतं, तिथं प्रोग्राम सुरू करताना अ‍ॅड-ओपन्स फ्लॅग लावावा लागतो.