आधी राखीव, मग वाटप: कर्नल बूट होताना फर्मवेअरची मेमरी सांभाळणं

फर्मवेअरचा (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्याच सॉफ्टवेअरचा) एखादा मेमरीचा तुकडा राखीव ठेवायचा राहून गेला तर मशीन लगेच पडत नाही, आणि या कामातली खरी डोकेदुखी तीच आहे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नीट बूट होतो, लॉगिन येतं, दोन दिवस काही तक्रार नसते. मग कोणीतरी लॅपटॉप सस्पेंड करून जागा करतं, किंवा बाहेरच्या मॉनिटरची केबल लावतं, आणि भलत्याच ड्रायव्हरमध्ये पॅनिक येतो. नवखा माणूस तो ड्रायव्हर उसवत बसतो. चूक मात्र बूटच्या सुरुवातीलाच झालेली असते: अलोकेटरनं (मेमरी वाटणाऱ्या भागानं) जे पेज, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, कोणालातरी देऊन टाकलं, ते बायोस (पीसीचं जुन्या पद्धतीचं फर्मवेअर) अजूनही आपलंच समजून त्यात लिहीत होता.

म्हणून सुरुवात नकाशापासून करा, म्हणजे कोणती मेमरी मोकळी आणि कोणती राखीव हे सांगणाऱ्या फर्मवेअरच्या यादीपासून. जुन्या पद्धतीच्या बायोसवर तो इंटरप्ट १५ च्या ई८२० कॉलमधून (दोन्ही आकडे हेक्समध्ये) मिळतो. एक नोंद २० बाइटची: ८ बाइट सुरुवात, ८ बाइट लांबी, ४ बाइट प्रकार. प्रकार १ म्हणजे वापरता येणारी रॅम, २ राखीव, ३ एसीपीआयची (पॉवर आणि हार्डवेअर सांभाळण्याच्या मानकाची) टेबलं, ४ एसीपीआय एनव्हीएस (सस्पेंडमध्येही जपायची मेमरी), ५ खराब. न ओळखीचा आकडा आला तर तो बिनदिक्कत राखीव धरा. नोंदी क्रमानं येतील असं कोणीही वचन दिलेलं नाही. त्या एकमेकींवर चढलेल्या असू शकतात, लांबी शून्यही असू शकते. चढलेल्या भागात जो प्रकार जास्त कडक, तो जिंकतो. ईबीएक्स रजिस्टर शून्य झालं की यादी संपली, पण त्याच वेळी हातात आलेली नोंद वैध असते. ती टाकून देणं ही हमखास होणारी चूक. काही बायोस शेवट कॅरी फ्लॅगनं सांगतात, तेव्हा दोन्ही तपासा.

आता एक उदाहरण अगदी जवळून पाहू, कारण निम्म्या चुका इथेच होतात. पीसीवर पहिली वापरण्याजोगी रॅम बहुतेक वेळा ० ते ६३९ केबी अशी दिसते. त्यापुढचा ६३९ ते ६४० हा एक केबी म्हणजे बायोसचा विस्तारित डेटा एरिया, राखीव. पेज ४ केबीचं. ६३९ ला ४ नं भाग जात नाही. शेवटची पूर्ण सीमा ६३६ वर आहे, म्हणजे १५९ क्रमांकाच्या पेजमध्ये पहिले ३ केबी मोकळे आणि शेवटचा एक केबी बायोसचा. मोकळ्या भागाचा शेवट तुम्ही वरच्या बाजूला राउंड केलात, तर हे पेज अलोकेटरकडे गेलंच म्हणून समजा. नियम असा: मोकळ्या भागाची सुरुवात वर ढकला आणि शेवट खाली ओढा, राखीव भागाचं नेमकं उलट, सुरुवात खाली आणि शेवट वर. थोडक्यात, अर्धवट पेज नेहमी राखीवच्या पदरात. तीन केबी वाया गेल्याचं दुःख करू नका.

नकाशा वाचला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. बूटलोडरनं आणून ठेवलेल्या वस्तू फर्मवेअरच्या नकाशात ‘मोकळी रॅम’ म्हणूनच दिसतात: खुद्द कर्नलची इमेज, इनिटआरडी (बूटपुरती तात्पुरती फाइलसिस्टिम), कमांड लाइन, डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन), आणि एक्स८६ लिनक्समध्ये सेटअप डेटाची साखळी. या साखळीतली प्रत्येक कडी वेगळी राखावी लागते, पहिली राखून भागत नाही. कर्नल राखताना बीएसएस, म्हणजे शून्यापासून सुरू होणाऱ्या व्हेरिएबलांचा भाग, विसरू नका. फाइलमध्ये त्याला जागा नसते, मेमरीत असते. आणि अलोकेटरची स्वतःची नोंदवही? ४ जीबी रॅममध्ये ४ केबीची १०,४८,५७६ पेजेस होतात, त्यांचा बिटमॅप १२८ केबीचा. ‘कर्नल संपतो तिथून पुढे’ म्हणून हा बिटमॅप ठेवला, आणि नेमका तिथेच इनिटआरडी होता, हा हौशी कर्नलमधला नेहमीचा अपघात. लक्षण ठरलेलं: इनिटआरडी उलगडताना ‘फाइल खराब आहे’ असा एरर.

क्रमाबाबत तडजोड नाही. पहिलं वाटप होण्याआधी सगळे राखीव तुकडे नोंदले गेले पाहिजेत. लिनक्समध्ये हे काम मेमब्लॉककडे, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या अलोकेटरकडे, असतं, आणि तिथे रॅमची नोंद होण्याआधीसुद्धा राखीव नोंद करता येते. त्यामुळे ‘रॅम अजून कळलेली नाही’ ही सबब चालत नाही. राखीव यादीची सुरुवातीची क्षमता १२८ नोंदींची. ती वाढवायची तर नवी जागा मेमब्लॉकमधूनच घ्यावी लागते, म्हणजे वाटप. हा पेच लक्षात आला की क्रमाचा आग्रह का धरतात ते आपोआप कळतं.

पहिल्या एक एमबीचं प्रकरण वेगळं. लिनक्स पूर्वी एक्स८६ वर खालचे ६४ केबी राखून ठेवायचं, कारण सस्पेंड किंवा व्हिडिओ केबलच्या वेळी काही बायोस तिथे लिहितात. ५.१३ पासून पहिला एक एमबी सरसकट राखला जातो. माझ्या मते हाच शहाणपणा. एक एमबीसाठी बायोसशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. फक्त एक गोष्ट त्याआधी उरकायची: दुसऱ्या प्रोसेसरना जागं करणारा ट्रॅम्पोलिन, म्हणजे रिअल मोडमध्ये (१६ बिटच्या जुन्या मोडमध्ये) चालणारा छोटा कोड. स्टार्टअपच्या आयपीआयमध्ये (एका प्रोसेसरनं दुसऱ्याला पाठवलेल्या इंटरप्टमध्ये) पेजचा क्रमांक सांगायला फक्त ८ बिट असतात, २५६ पेजेस गुणिले ४ केबी म्हणजे बरोबर एक एमबी. ट्रॅम्पोलिनची जागा आधी न घेता सगळं राखलंत, तर मशीन एकाच कोरवर चालेल.

यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरवर, नकाशा जास्त बोलका असतो, सापळे वेगळे. डिस्क्रिप्टरची (नकाशातल्या एका नोंदीची) रचना ४० बाइटची, पण फर्मवेअर बऱ्याचदा ४८ चा टप्पा सांगतं. पुढच्या नोंदीवर जाताना फर्मवेअरनं दिलेलाच आकार वापरा. ‘साइझऑफ’, म्हणजे आपल्या कोडमधल्या रचनेचा आकार, वापरलंत तर दुसऱ्या नोंदीपासून कचरा. नकाशासाठी बफर घेतला की त्या वाटपानंच नकाशा बदलतो, म्हणून दोनचार नोंदी जास्त मावतील इतका मोठा घ्या. बूट सर्व्हिसेसमधून (फर्मवेअरच्या बूटपुरत्या सेवांमधून) बाहेर पडताना नकाशासोबत मिळालेली ‘मॅप की’ जुनी ठरली तर नकाशा पुन्हा घ्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. रनटाइम सर्व्हिसेसचा कोड आणि डेटा कायम राखीव. बूट सर्व्हिसेसची मेमरी नियमानं मोकळी, पण व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस ठरवून देताना काही फर्मवेअर तिथे डोकावतं. म्हणून लिनक्स ती तेवढ्यापुरती धरून ठेवतं आणि नंतर सोडतं.

आर्म आणि रिस्क-फाइव्हवर ‘राखीव’ आणि ‘मॅप न केलेलं’ यांतला फरक नीट समजून घ्या. नुसतं राखीव पेज कुणाला दिलं जात नाही, पण कर्नलच्या पेज टेबलात ते असतं, आणि प्रोसेसर सट्टा लावून, म्हणजे पुढे लागेल या अंदाजानं, ते वाचू शकतो. सुरक्षित फर्मवेअरच्या मेमरीवर असं वाचन झालं की अ‍ॅबॉर्ट येतो, तोही असा की कोणत्या ओळीमुळे आला ते सापडत नाही. तिथे डिव्हाइस ट्रीच्या रिझर्व्ह्ड-मेमरी नोडमध्ये ‘नो-मॅप’ हवंच. त्याच नोडमध्ये अ‍ॅड्रेस-सेल्स आणि साइझ-सेल्स (पत्ता आणि आकार किती शब्दांत लिहिलाय ते) ट्रीच्या मूळ नोडशी जुळणारे हवेत, शिवाय रिकामं ‘रेंजेस’ हवं. ते राहिलं तर कर्नल लॉगमध्ये एक ओळ टाकून पूर्ण नोड सोडून देतो.

सरावासाठी क्यूएमू या एम्युलेटरवर ५१२ एमबीचं मशीन पुरतं. बूटच्या लॉगमधल्या ई८२० च्या ओळी कागदावर काढा, केबीत बदला, सीमा कुठे अर्धवट आहेत ते हुडका. कमांड लाइनवर ‘मेमब्लॉक=डीबग’ द्या; प्रत्येक राखीव नोंद आणि प्रत्येक वाटप कोणत्या फंक्शनमधून झालं ते दिसतं. प्रोकमधली आयओमेम फाइल (/proc/iomem) रूट होऊनच वाचा, नाहीतर सगळे पत्ते शून्य दिसतील. स्वतःच्या कर्नलमध्ये संशयित पेजेस ठरावीक आकड्यानं भरून ठेवा आणि सस्पेंडनंतर तपासा. कोण लिहितंय ते नाही तरी कुठे लिहितंय ते कळतं.

एखादा तुकडा हातानं राखायला ‘मेममॅप=’ पर्याय आहे: आकार, मग डॉलरचं चिन्ह, मग पत्ता. ग्रब हा बूटलोडर मात्र डॉलरला व्हेरिएबल समजून गिळतो, त्याच्या आधी बॅकस्लॅश लागतो, आणि कॉन्फिग फाइल स्क्रिप्टनं तयार होत असेल तर एकाहून जास्त. चिन्ह हरवून नुसता आकार उरला, तर कर्नल त्याचा अर्थ ‘एवढीच मेमरी वापर’ असा घेतो. ६४ केबी राखायला गेलेलं मशीन मग मेमरीच नाही म्हणून सुरुवातीलाच थांबतं. त्यामुळे बदलानंतर मशीन बूट झालं नाही, तर आधी ग्रबच्या एडिट स्क्रीनवर तो डॉलर जागेवर आहे का ते बघा.