गॅरेज सेल भरवताना या चुका टाळा

टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरांत, अनेक मराठी कुटुंबांच्या गॅरेज सेलला, म्हणजे घरातील वापरलेल्या सामानाच्या दारापुढेच भरवलेल्या विक्रीला, मी आजवर हातभार लावत आले आहे. कोणी नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात चाललेले असते, कोणी मोठे घर विकून लहान घरात जात असते, तर कोणाला मुले कॉलेजला गेल्यावर मागे राहिलेले खोलीभर सामान काढायचे असते. सामानाची मांडामांड, किमतीच्या चिठ्ठ्या, सुट्टे पैसे यांची तयारी सगळे मनापासून करतात. मात्र आपल्या शहराचा नियम वाचायला लागणारी वीस मिनिटे बहुतेकांना जड वाटतात, आणि त्याच त्या चुका दर वसंतात पुन्हा पाहाव्या लागतात.

नियम कोणाचा, हेच न पाहणे

अमेरिकेत गॅरेज सेल कधी, किती वेळा आणि कसा भरवायचा हे प्रामुख्याने शहराचे ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक कायदा, ठरवते. डॅलस शहराच्या हद्दीत त्यासाठी परवाना काढावा लागतो; पण लागून असलेल्या उपनगरात परवान्याची अट, वर्षभरात चालणाऱ्या सेलची संख्या, सलग किती दिवस आणि किती वाजेपर्यंत, हे सगळे वेगळे असू शकते. त्यामुळे “मैत्रिणीने मागच्या महिन्यात केला, तिला काही लागले नाही” या ऐकीव माहितीवर तारीख जाहीर करू नये.

याहून फसवी गोष्ट म्हणजे घराचा पत्ता. पत्त्यातील शहराचे नाव टपाल वाटपाच्या सोयीचे असते. घर प्रत्यक्षात शेजारच्या शहराच्या हद्दीत किंवा कोणत्याच शहरात न मोडणाऱ्या, थेट काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) अखत्यारीतील भागात असू शकते. मी प्रथम प्रॉपर्टी टॅक्सचे बिल काढायला सांगते. ज्या शहराला आपण कर भरतो त्याचे नाव त्यावर असते, आणि शहराचे नावच नसेल तर चौकशी काउंटीकडे करायची. त्यानंतर एचओएचे, म्हणजे वसाहतीतील घरमालकांच्या संघाचे, नियम वेगळे वाचावेत. शहराचा परवाना हातात आहे म्हणून एचओएची बंदी उठत नाही, आणि एचओएने होकार दिला म्हणून शहराचा परवाना माफ होत नाही.

विजेच्या खांबावर पाट्या लावणे

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण ती करणाऱ्याला समजावून सांगितले तरी “दोनच दिवसांचा प्रश्न आहे” असे उत्तर मिळते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने परवाना वेळेवर काढला होता, सामानही उत्तम मांडले होते. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या मुलांनी आसपासच्या चौकांत विजेच्या खांबांवर आणि ‘स्टॉप’च्या फलकांखाली मिळून सतरा पाट्या स्टेपल करून व चिकटवून लावल्या. मी रात्रीच त्या काढायला सांगितले, पण सगळे दमलेले होते. शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास कोड एन्फोर्समेंटचे (शहराचे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या खात्याचे) अधिकारी त्यांतल्या तीन पाट्या हातात घेऊन थेट दाराशी आले. त्यांना शोधाशोध करावी लागलीच नाही, कारण प्रत्येक पाटीवर घराचा पत्ता ठळक अक्षरांत लिहिलेला होता. प्रत्येक पाटी हे स्वतंत्र उल्लंघन धरता येते, हे त्यांनी नियमावर बोट ठेवून दाखवले. त्यांची वागणूक सौजन्याची होती आणि त्यांनी दंड न करता सर्व पाट्या तत्काळ उतरवण्यास सांगितले. परंतु ज्या दोन तासांत सर्वाधिक गिऱ्हाईक येते, त्याच दोन तासांत घरातली निम्मी माणसे पाट्या शोधत फिरत होती.

या नियमाला सबळ कारण आहे. खांबात राहिलेले खिळे आणि स्टेपल दुरुस्तीसाठी चढणाऱ्या लाइनमनला इजा करू शकतात व त्याचे संरक्षक हातमोजे फाडू शकतात. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी आपण स्वतः कापत असलो, तरी ती बहुधा सार्वजनिक मार्गाच्या हद्दीत मोडते, आणि अनेक शहरांत तेथेही पाटी चालत नाही. लोकांच्या मेलबॉक्समध्ये तिकीट न लावलेली जाहिरात टाकणे तर फेडरल कायद्याने मना आहे. मी चारच पाट्या करते, त्या तारेच्या खुंट्यांवर, ज्यांनी होकार दिला आहे अशाच घरांच्या अंगणात लावते आणि जागांची यादी कागदावर लिहून ठेवते.

बाळाचे जुने सामान न तपासता मांडणे

आपल्याकडे पहिल्या मुलाची क्रिब, म्हणजे बाळाचा कठडेवाला पलंग, दहा-पंधरा वर्षे माळ्यावर जपून ठेवली जाते आणि मग प्रेमाने विक्रीला निघते. एक बाजू खाली सरकणाऱ्या क्रिबच्या विक्रीवर 28 जून 2011 पासून बंदी आहे, आणि ती घरगुती सेललाही लागू आहे. क्रिबच्या कडेला बांधायच्या गादीदार पट्ट्या आणि तान्ह्या बाळाला झोपवायचे उतरते स्लीपर यांवर 2022च्या कायद्याने बंदी आली. सुरक्षिततेच्या कारणाने बाजारातून परत मागवलेली कोणतीही वस्तू विकणे 2008च्या कायद्यापासून बेकायदा आहे, म्हणून प्रत्येक वस्तूचा मॉडेल क्रमांक कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या संकेतस्थळावर तपासावा. अशी वस्तू सापडल्यास ती फुकटही देऊ नये. ती मोडून मगच कचऱ्यात टाकावी. कार सीटच्या प्लॅस्टिकवर मुदत छापलेली असते, तीही पाहावी.

भारतातून आणलेल्या नव्या साड्या आणि दागिने या सेलमध्ये मांडू नयेत. विक्रीसाठी आणलेला माल हा व्यवसाय ठरतो आणि तो बहुतेक ऑर्डिनन्समध्ये वर्ज्य असतो. टेक्ससमध्ये स्वतःच्या वापरातील वस्तूंच्या विक्रीवर वर्षभरात एकूण 3,000 डॉलरपर्यंत सेल्स टॅक्स लागत नाही, मात्र ही सवलत विक्रीसाठी खरेदी केलेल्या मालाला मिळत नाही. शेजारच्या तीन घरांचे सामान एकाच ड्राइव्हवेवर (गॅरेजपुढच्या गाडीच्या वाटेवर) आणण्यापूर्वी तशी परवानगी आहे का, हे विचारून घ्यावे. घरी केलेले वडे आणि चहा विकायचा मोह आवरावा, कारण तिथे आरोग्य खात्याचे वेगळे नियम सुरू होतात. टेबले फुटपाथवर सरकवू नयेत.

रविवारी उरलेले सामान “फ्री” असे लिहून रस्त्याच्या कडेला सोडून देणाऱ्यांविषयी मला खरोखर वाईट वाटते. मोठा कचरा उचलण्याचा वार ठरलेला असतो आणि त्याआधी ठेवलेल्या सोफ्यासाठी नोटीस येते. दान घेणाऱ्या संस्थेची गाडी मी सोमवारसाठी आधीच सांगून ठेवते. रविवारी ड्राइव्हवे रिकामा झाला की पाट्यांची यादी घेऊन निघते आणि चौथी पाटी गाडीत आल्याशिवाय घरी परतत नाही.