दुकानाचे नूतनीकरण करताना या चुका टाळा

बेळगावात दुकान नवे करायचे ठरले की पहिला घण जुन्या फरशीवर पडतो, आणि कार्बनच्या (म्हणजे साहित्य बनताना हवेत सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या) हिशेबात मला हीच चूक सर्वांत जास्त खुपते. गणपत गल्लीतील एका कापड दुकानात शहाबादी फरशी शाबूत होती. फक्त सांधे उघडे पडले होते आणि गल्ल्याजवळच्या चार-दोन फरश्या खचल्या होत्या. दिवाळीपूर्वी काम हवे म्हणून कंत्राटदाराने सगळी फरशी फोडून राडारोडा ट्रॅक्टरने बाहेर काढला, लेव्हल साधण्यासाठी सिमेंट-वाळूचा जाड थर घातला आणि वर व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. मसाला पुरता आवळण्याआधीच जड कपाटे सरकवली गेली आणि पाडव्यापर्यंत निम्म्या टाइल्स पोकळ वाजू लागल्या. शहाबादी खाणीतून काढून कापली जाते, तिला भट्टी लागत नाही. व्हिट्रिफाइड टाइल सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. म्हणून मी आधी दांड्याने फरशी वाजवून पाहतो, बसक्या आणि पोकळ तेवढ्याच उचलून पुन्हा बसवतो, सांधे भरतो आणि मग घासून घेतो.

दुसरी चूक म्हणजे गिलाव्यापासून कोब्यापर्यंत सरसकट ५३ ग्रेड (जास्त ताकदीचे साधे) सिमेंट वापरणे. एक टन क्लिंकर (चुनखडी भट्टीत भाजून केलेले, दळून सिमेंट बनणारे खडे) तयार होताना ८०० किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यातील निम्म्याहून जास्त चुनखडीतूनच सुटतो, त्यामुळे केवळ इंधन बदलून तो टळत नाही. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश (कोळशाची उडती राख) असल्याने क्लिंकर तेवढा कमी लागतो. पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद धरते. काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारावेच लागते. तेवढा धीर नसलेल्या नवशिक्यांनी भेगा पडल्यावर सिमेंटला दोष देऊ नये.

खानापूरची वीट जवळची आहे, म्हणून ती निर्दोष ठरत नाही, कारण तीही भट्टीतूनच येते. जुनी भिंत चुन्यातली असेल, तर विटा सहज सुट्या होतात. त्याच साफ करून पार्टिशनला वापराव्यात.

दर्शनी भाग एसीपीने (ॲल्युमिनियमच्या पातळ थरांच्या पत्र्यांनी) मढवणे टाळावे. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम मिळवायला सुमारे १४ युनिट वीज लागते, आणि फलक बदलला की ते पत्रे भंगारात जातात.

रॅक आणि काउंटर गोंदाने चिकटवू नयेत, बोल्टने जोडावेत, म्हणजे जागा बदलताना ते उचलून नेता येतात.