डोळ्यात धातूचा तुकडा गेल्यावर या चुका टाळा

छिन्नीवर हातोडा मारताना डोळ्याला काहीतरी टचकन लागतं. थोडं पाणी येतं, मग थांबतं, दिसतंही नीट. म्हणून कामगार पाळी संपवून घरी जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उडालेली ठिकरी इतक्या वेगाने शिरते की जखम सुईच्या टोकाएवढी राहते आणि आपोआप मिटतेही. दुखत नाही म्हणून इजा नाही, असं डोळ्याच्या बाबतीत समजू नका.

प्रत्येक वर्कशॉपमध्ये रुमालाच्या टोकाने किंवा लोहचुंबकाने कण काढून देणारा एक जण असतो. त्याच्यापुढे डोळा धरू नका. तुकडा बाहेर डोकावत असेल तरी उपटू नका. तोच रक्त अडवून बसलेला असू शकतो. चोळणं, धुणं, कापूस दाबून पट्टी बांधणं, सगळं टाळा. (नुसती धूळ गेली असेल तर धुणं बरोबर.) कागदी कपाचा तळ डोळ्यावर, कडा भोवतीच्या हाडावर टेकतील असा चिकटवा आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे जा. वाटेत चहासुद्धा नको, कारण भूल द्यावी लागू शकते.

तिथे पहिलं वाक्य 'मी छिन्नीचं काम करत होतो' हेच असू द्या. धातूचा संशय असताना एमआरआय करायचा नसतो. त्या यंत्रातल्या जबर चुंबकाने लोखंड आत सरकतं. बारीक कापांचा सीटी स्कॅन तुकडा नेमका कुठे आहे ते दाखवतो.

पुढचं सगळं त्या जागेवर ठरतं. बुबुळामागे, नेत्रगोलात लोखंड राहिलं तर ते गंजत जातं, पडदा निकामी होतो, रात्रीचं दिसणं कमी होतं. तांबं तर तीव्र दाह करतं. म्हणून नेत्रगोलातला तुकडा सहसा काढतातच. बर्लिनचे नेत्रतज्ज्ञ हिर्शबर्ग यांनी 1879 मध्ये विद्युतचुंबकाने असा तुकडा काढला होता. आज बारीक चिमटेही हाताशी असतात.

नेत्रगोलाबाहेर, डोळ्याच्या खोबणीत खोल रुतलेला गुळगुळीत पोलादी छर्रा मात्र त्रास देत नसेल तर डॉक्टर अनेकदा तसाच ठेवतात. 'आत ठेवला म्हणजे त्यांना जमलं नाही' असं म्हणत नातेवाईक शस्त्रक्रियेचा हट्ट धरतात. तो धरू नका. तिथवर पोहोचताना नेत्रनस आणि डोळा फिरवणारे स्नायू दुखावू शकतात, गेलेली नजर परत येत नाही. तुकडा तांब्याचा असेल, धारदार किंवा वरवर असेल, पू झाला असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा नसेवर दाब येत असेल, तर गोष्ट वेगळी.

तुकडा आत ठेवलेल्या माणसाने सीटीचा रिपोर्ट जपून ठेवावा आणि उद्या गुडघ्याच्या एमआरआयला गेला तरी आधी तो दाखवावा.