घरची फिल्टर कॉफी: म्हशीचं दूध आणि बोअरचं पाणी धरून

कॉफीच्या पाकिटामागे कृती छापलेली असते, पण दूध कुठलं घ्यायचं ते त्यात सहसा नसतं. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, म्हशीच्या दुधात ६ ते ७. सांगली-साताऱ्याकडे पुष्कळ घरांत कॉफीलाही म्हशीचंच दूध जातं, आणि दुधातला स्निग्धांश वाढला की कॉफीची चव दबते. म्हणून आपल्याकडे डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क, जास्त दाट लागतं. ते पातळ उतरलं की माणूस कपात ते जास्त ओततो, कॉफी पाणचट होते, मग ती पातेल्यात उकळून आटवतो, कडू झाली की साखर वाढवतो. हे सगळं टाळायचं तर लक्ष फिल्टरवर द्यायला हवं. दूध-साखरेचं नंतर बघता येतं.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत पावडर दाबायला दांडीची चकती (तिला छत्रीही म्हणतात) आणि वर झाकण. स्टीलचा घ्या. पितळी दिसतो देखणा, पण त्याला आतून कल्हई लागते, आणि कल्हईवाला आता दारावर क्वचितच येतो. विकत घेताना वरचं भांडं उजेडाकडे धरून भोकं बघा: सगळी सारखी आणि बारीक हवीत. दुसरी गोष्ट माप. तीन कपांसाठी वरच्या भांड्यात २०० ते २५० मिली पाणी मावेल एवढा फिल्टर पुरतो. पाहुणे येतील म्हणून मोठा घेतला आणि रोज दोघांपुरती पावडर टाकली तर थर पातळ पडतो, पाणी सरळ आरपार जातं आणि खाली चहासारखं काहीतरी जमतं. थर दोन बोटं तरी हवा. पाहुण्यांसाठी दुसरा फिल्टर ठेवावा.

नव्या फिल्टरला धातूचा आणि पॉलिशचा वास असतो. गरम पाण्यात धुऊन एकदा स्वस्तातली पावडर टाकून डिकॉक्शन काढा आणि ते ओतून द्या.

पावडर घेताना तीन गोष्टी विचारायच्या: बी कुठलं, चिकोरी किती, दळण कसं.

बी दोन जातींचं. अरेबिकाला सुगंध आणि किंचित आंबटपणा. रोबस्टाला कडूपणा, दाटपणा आणि अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन. दुकानातल्या पाटीवरची 'प्लांटेशन ए' म्हणजे पाण्यात धुऊन वाळवलेल्या अरेबिकाची एक प्रत. 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेलं बी. 'पीबेरी' म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरलेलं, ते वेगळं निवडून थोडं महाग विकतात. नुसती अरेबिका म्हशीच्या दुधात हरवते. दोन भाग अरेबिका किंवा पीबेरी आणि एक भाग रोबस्टा असं मिश्रण आपल्या दुधाला पेलतं.

चिकोरी हे कॉफीचं बी नव्हे, एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिच्यात कॅफीन नसतं. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे डिकॉक्शन सावकाश उतरतं, रंगाला गडद आणि अंगाला दाट येतं. २० टक्के ठीक, ३० ही वरची हद्द. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं, तेव्हा पाकीट उलटून वाचा. स्वस्त पाकिटांत ४०-४५ टक्के चिकोरी आढळते. त्या पावडरीचं डिकॉक्शन दिसायला झकास काळं असतं आणि चवीला जळक्या गुळासारखं लागतं.

दळण बारीक रव्याइतकं असावं, चिमटीत कण लागले पाहिजेत. मैद्यासारखं झालं तर फिल्टर तुंबतो. ताजी दळलेली पावडर मिळत नसेल तर बेळगाव-हुबळीकडून किंवा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूहून मिरजेला येणाऱ्या कोणाला तरी सांगून आणवता येते, पण किलोभर मागवू नका. दळलेल्या कॉफीचा वास पंधरा-वीस दिवसांत उडतो. दोघांच्या घराला पाव किलो खूप झाली. बी आणून घरी मिक्सरवर दळायचं असेल तर पाच-पाच सेकंद थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं तर भांडं तापून वास जातो. आणि ज्या भांड्यात कांदा-लसूण मसाला वाटता ते कॉफीला चालणार नाही, कितीही घासलं तरी. पावडरीचा डबाही मसाल्याच्या कपाटात ठेवू नये.

पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीला, किंवा साताऱ्यातही, चिकोरीची पावडर दोन दिवसांत गठ्ठा धरते, कारण चिकोरी हवेतला दमटपणा ओढून घेते. घट्ट झाकणाचा लहान डबा आणि कोरडा चमचा, एवढाच इलाज. फ्रिजमधून डबा रोज आत-बाहेर केला तर बाष्प आतच जमतं.

पाण्याकडे फार कोणी बघत नाही. बोअरचं क्षाराचं पाणी कॉफीतला आंबटपणा मारून टाकतं. डिकॉक्शन सपक लागतं आणि भांड्याला पांढरी खर बसते. उलट आरओचं अगदी हलकं पाणी पावडरीतला अर्क नीट ओढत नाही, चव पोकळ आणि टोचणारी येते. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ७५ ते २५०च्या दरम्यान असेल तर उत्तम, १५०च्या आसपास तर फारच छान. नळाला कृष्णेचं पाणी येत असेल तर तेच गाळून वापरा. नुसतं बोअरचंच असेल तर ते आणि आरओचं निम्मं-निम्मं मिसळा.

आता कृती, तीन कपांची.

३० ग्रॅम पावडर, म्हणजे शीग लावून पोह्याचे पाच ते सहा चमचे. स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा असेल तर तोच वापरावा, कारण एकाचा चमचा दुसऱ्याच्या दीडपट असतो. पाणी १५० मिली. पावडर स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली उतरतं सुमारे ९० मिली.

फिल्टर पूर्ण कोरडा हवा. ओल्या भोकांना पावडर चिकटून बसते. पावडर टाकून भांडं दोनदा हलकेच आपटा, थर सपाट होईल. चकती ठेवून दोन बोटांच्या वजनाने दाबा, मनगटाचा जोर लावू नका. चकती तशीच राहू द्या, म्हणजे पाणी ओतताना थराला खड्डा पडत नाही.

पाणी खळखळ उकळलेलं घ्या. उकळी आल्यावर पाणी थोडं निवू द्यावं असा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो, तो समुद्रसपाटीवरच्या लोकांसाठी. सांगलीत पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, साताऱ्यात त्याहून थोडं खाली आणि महाबळेश्वरला साधारण साडेपंच्याण्णवला. त्यात गार स्टीलचं भांडं आणखी काही अंश खातं. थांबलात तर पाणी कोमट होईल.

आधी ४० मिली पाणी गोल फिरवत चकतीवर ओता आणि एक मिनिट थांबा. पावडर भिजून फुगते, आतला वायू बाहेर पडतो. मग उरलेलं पाणी सावकाश ओतून झाकण लावा. १५ ते २० मिनिटांत डिकॉक्शन उतरतं. मधे भांडं हलवायचं नाही, चकती दाबायची नाही. घाईची सकाळ असेल तर रात्रीच लावून ठेवा, थंडीत ते खुशाल चालतं. एप्रिल-मे महिन्यात मात्र उतरलं की काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

त्याच पावडरीवर ६० मिली उकळतं पाणी पुन्हा ओतलं की दुसरं डिकॉक्शन मिळतं. ते पातळ असतं. पहिल्यात मिसळू नका. संध्याकाळच्या हलक्या कपाला वेगळं वापरा.

एका कपाला ३० मिली डिकॉक्शन आणि ९० मिली दूध. म्हशीचं दूध फार दाट असेल तर ८० मिली दुधात १० मिली पाणी घालून तापवा. शुद्ध दुधात पाणी घालायला हात धजत नाही हे खरं, पण कॉफीची चव त्याने उघडते. दूध एकदाच उकळलेलं असावं. सकाळपासून तिसऱ्यांदा तापणाऱ्या दुधाला खव्याचा वास येतो आणि तोच कपात उतरतो. साय गाळून घ्या.

क्रम असा: पेल्यात साखर, त्यावर डिकॉक्शन, मग नुकतं वर आलेलं दूध. नंतर पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात, वीतभर उंचीवरून दोन-तीनदा ओतायचं. साखर विरघळते आणि फेस येतो. पाच-सहा वेळा ओतलंत तर फेस भरपूर, कॉफी गार. डिकॉक्शन दुधात घालून उकळणं हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे, आणि फिल्टरच्या कॉफीचा सुगंध घालवायला त्याच्याइतका खात्रीचा उपाय नाही.

कॉफी कोमट होते ही तक्रार बहुतेक फ्रिजमधल्या डिकॉक्शनमुळे येते. बाहेर ठेवलेल्याच्या तुलनेत त्याने कप सहा-सात अंशांनी उतरतो. बाटली पाच मिनिटं गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करा आणि पेला गरम पाण्याने विसळून घ्या. डिकॉक्शन थेट गॅसवर ठेवू नये.

गूळ घालायचा असेल तर तो किसून गरम डिकॉक्शनमध्ये आधी पूर्ण विरघळवा, दूध गॅसवरून उतरवून मिनिटभराने घाला. गूळ दुधाबरोबर उकळला तर त्यातल्या आंबटपणाने आणि क्षारांनी दूध फाटतं. गूळ जुना, ओलसर असेल तर हा धोका जास्त.

जायफळाशिवाय कॉफी पूर्ण होत नाही असं मानणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही. पण जायफळ फिल्टरमध्ये टाकू नका. त्याचं तेल भोकांत बसतं आणि पुढचे आठ दिवस प्रत्येक डिकॉक्शनला तोच वास येतो. तीन कपांना सहाणेवर चार वेढे, किंवा किसणीवरची चिमूट, दूध उतरवताना घाला. आधी घातलं तर वास वाफेबरोबर जातो. चमचाभर जायफळ पोटात जाणं अंगावर येतं, तेव्हा चिमटीच्या पुढे जाऊ नये. वेलची घालायची तर जायफळ निम्मं करा.

फिल्टर नसेल तर २०० मिली पाणी उकळून गॅस बंद करा, २० ग्रॅम जाडसर पावडर टाकून एकदाच ढवळा, झाकून पाच मिनिटं ठेवा. गाळ तळाला बसला की वरचं निवळ स्वच्छ सुती फडक्यातून गाळा. हे फिल्टरच्या डिकॉक्शनपेक्षा पातळ असतं, म्हणून कपाला ५० मिली लागतं. चहाच्या गाळणीतून गाळलं तर तळाशी चिखल येणारच.

बिघडतं ते बहुतेक उतरताना. अर्ध्या तासात थेंबही पडला नाही तर आधी वरचं भांडं किंचित उचलून पुन्हा ठेवा. दोन भांडी घट्ट बसली की खालच्यातली हवा अडकते आणि डिकॉक्शनला उतरायला जागा राहत नाही; उचलताच धार लागली तर कारण तेच. नाही लागली, तर पावडर फार बारीक आहे, जास्त दाबली आहे किंवा भोकं बुजली आहेत. चकतीने वरचा थर हलकेच मोकळा केला तर त्या दिवसापुरतं निभावतं, थोडा गाळ खाली येईल.

उलट पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाड, दाब कमी किंवा थर पातळ. ते पाणी पुन्हा त्याच पावडरीवर ओतून दाट करायचा मोह होतो. त्याने रंग वाढतो, चव नाही. त्यापेक्षा पुढच्या वेळी ५ ग्रॅम पावडर वाढवा आणि थोडं जास्त दाबा.

आंबट लागलं तर पाणी पुरेसं गरम नव्हतं किंवा भाजणी फिकी आहे. कडू आणि कोरडं लागलं तर रोबस्टा किंवा गडद भाजणी. तोंडात जळकट गोडसर चव रेंगाळली तर चिकोरी जास्त. दूध फाटलं तर दोन दिवसांचं डिकॉक्शन किंवा कालचं दूध, यांपैकी एक दोषी धरा.

फिल्टर धुताना गाळ बेसिनमध्ये सोडू नका, नळी चोंदते. तो कुंडीतल्या मातीत मिसळा, पण थर करून ठेवू नका, बुरशी धरते. रोज गरम पाणी आणि मऊ ब्रश पुरे, सुवासिक साबण शक्यतो नको. महिन्यातून एकदा वरचं भांडं गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून तासभर बुडवा. तरीही भोकं बुजलेली दिसली तर, फिल्टर पूर्ण स्टीलचा असेल तरच, भांडं सांडशीत धरून तळ गॅसच्या ज्योतीवर अर्धा मिनिट फिरवा. अडकलेली पावडर जळून सुटते. निवल्यावर ब्रशने झाडा, उजेडाकडे धरून बघा, आणि पहिलं अर्धा कप डिकॉक्शन टाकून द्या.