मिडल स्कूलमध्ये रीडिंग शिकवायचंय? आधी राज्य ठरवा

भारतात बी.एड. करून वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलेली मंडळी अमेरिकेत आली की लगेच विचारतात, "कुठली परीक्षा द्यायची?" मी उलट विचारते, "पुढची काही वर्षं राहणार कुठल्या राज्यात?" कारण इथे शिक्षकाचं लायसन्स राज्य देतं, देश नाही. टेक्ससचं सर्टिफिकेट घेऊन फ्लोरिडात गेलात तर कागद नव्याने तपासले जातात, कधी एखादी परीक्षाही वाढते. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नोकरीमुळे वर्षभरात बिऱ्हाड हलणार असेल, तर फी भरायची घाई करू नका. तसंही एच-4 वर (म्हणजे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-1बी व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असाल तर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात येईपर्यंत पगाराची नोकरी करता येत नाही. शिकता मात्र येतं.

तोवर कागद मार्गी लावा. भारतातल्या पदव्यांचं विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि तेही तुमचं राज्य ज्या संस्थांना मानतं त्यांच्याकडूनच. तीन वर्षांची बी.ए. इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी सगळेच धरत नाहीत, म्हणून बी.एड. आणि असेल तर एम.ए.चीही ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाची अधिकृत गुणपत्रिका) सोबतच जाऊ द्या. विद्यापीठात हेलपाटे घालायला भावाला किंवा मैत्रिणीला आत्ताच गाठा. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

आता मूळ मुद्दा. मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी. इथे इंग्रजी शिकवणं आणि रीडिंग शिकवणं ही दोन कामं धरली जातात, आणि दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा वेगळं प्रशिक्षण दाखवावं लागतं. टेक्ससमध्ये चौथी ते आठवीच्या इंग्रजीच्या सर्टिफिकेटसाठी 2021 पासून 'सायन्स ऑफ टीचिंग रीडिंग' ही स्वतंत्र परीक्षा आहे. फ्लोरिडात मूळ सर्टिफिकेटवर रीडिंग एंडोर्समेंट, म्हणजे रीडिंगच्या जादा पात्रतेची नोंद, चढवता येतं. इतर बऱ्याच राज्यांत प्रॅक्सिस नावाची शिक्षकांची परीक्षा चालते. 'रीडिंग स्पेशालिस्ट' ही त्यावरची पायरी. टेक्ससमध्ये तिच्यासाठी मास्टर्स आणि वर्गात शिकवल्याचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे आल्या आल्या तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे वर्गात गेल्यावर कळतं. 2024 च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीतली जवळपास एक तृतीयांश मुलं वाचनाच्या प्राथमिक पातळीच्याही खाली होती. ही मुलं फडाफडा बोलतात, पण चार सिलेबलचा (उच्चाराच्या तुकड्यांचा) शब्द आला की पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकतात. त्यांना धड्याचा सारांश सांगून काही होत नाही. शब्द तोडायला, उपसर्ग-प्रत्यय ओळखायला शिकवावं लागतं, आणि तेही तेरा वर्षांच्या मुलाला बालवाडीत बसवल्यासारखं न वाटू देता.

आपली अडचण नेमकी इथेच होते. नॅशनल रीडिंग पॅनेलच्या 2000 सालच्या अहवालात पाच गोष्टी आहेत: ध्वनींची जाण, फोनिक्स (अक्षर आणि ध्वनी यांचं नातं), ओघवतं वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलन. शेवटच्या दोन्हींत आपण पक्के असतो. पहिल्या दोन आपल्यातल्या बहुतेकांना कधी कुणी शिकवल्याच नाहीत. बाराखडीत जसं लिहिलं तसं वाचलं, आणि इंग्रजी स्पेलिंग घोकून पाठ केली. परीक्षेत मात्र विचारतात, एका मुलाने अमुक शब्द असा चुकीचा लिहिला, तर त्याला कुठला ध्वनी ऐकू आला नाही? व्याकरण कितीही चोख असलं तरी त्याचं उत्तर सुचत नाही. शिवाय 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे आपण एकाच 'व'ने भागवतो, ते उच्चार मुद्दाम घोटा. अभ्यासाचा अर्धा वेळ तरी पहिल्या दोन गोष्टींना द्या. वाङ्मयाची उजळणी नंतर केली तरी चालेल.

कामाची परवानगी आली की थेट शिक्षकाच्या जागेची वाट बघत बसू नका. सब (बदली शिक्षक) किंवा पॅरा (वर्गातला शिक्षकाचा मदतनीस) म्हणून आत शिरा. पॅराला लायसन्सइतकी कागदपत्रं लागत नाहीत. टायटल वन शाळेतही (गरीब मुलांसाठी केंद्राचा निधी मिळणाऱ्या) दोन वर्षांचं कॉलेज पुरतं, आणि ते तुमच्याकडे आहेच. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी मात्र कुणालाच चुकत नाही. पॅरा असाल तर रीडिंग इंटरव्हेन्शनच्या (वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या) गटात काम मागून घ्या. काही स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) एंडोर्समेंटचं प्रशिक्षण आपल्या शिक्षकांना फुकट देतात, म्हणून मुलाखतीत पगाराआधी त्याबद्दल विचारा.