चेहरा दाखवायचा की नाही, हे कॅमेरा लावण्याआधी ठरवा

विस्थापितांवर पहिली डॉक्युमेंटरी करायला पुण्याबाहेर जायलाच हवं असं नाही. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांची कुटुंबं आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं, तेव्हा इथं शिकणाऱ्या अनेक अफगाण विद्यार्थ्यांना परत जाणं अवघड झालं. पण दोन्हीकडे एकाच पद्धतीने शूट करू नका. पिंपरीतले आजोबा बहुधा नाव-चेहऱ्यासकट निर्धास्त बोलतील. अफगाण मुलगी ओळखू आली, तर तिच्या गावाकडच्या माणसांना त्रास होऊ शकतो. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे व्हिसा संपत आलेल्यांना इथून परत पाठवलं जाण्याचीही धास्ती असते.

‘नंतर ब्लर करू’ ही नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक. मूळ फुटेजमध्ये चेहरा राहतोच, आणि हार्ड डिस्क हरवू शकते. माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवा आणि एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) खिडकीच्या उजेडावर लावा, म्हणजे चेहरा काळा पडतो. लगेच ती क्लिप लॅपटॉपवर घेऊन एडिटिंगमध्ये शॅडो (अंधाऱ्या भागाचा उजेड) पूर्ण वर खेचून पाहा. नाकडोळे दिसले तर एक्स्पोजर आणखी उतरवून पुन्हा शूट करा. हातांचे क्लोजअप घेताना अंगठी, गोंदण, भिंतीवरचे फोटो तपासा. आवाजाचा पिच (पट्टी) बदलणं पुरेसं नाही, तो बदल उलटवून मूळ आवाज परत मिळवता येतो. बोलणं उतरवून काढा आणि दुसऱ्याकडून वाचून घ्या. फोनवर शूट करत असाल तर लोकेशन बंद ठेवा.

संमती दोनदा घ्या: शूटआधी त्यांच्या भाषेत, आणि रफ कट (फिल्मची पहिली कच्ची जुळणी) दाखवून पुन्हा. यूट्यूबवर गेलेली फिल्म पुरती मागे घेता येत नाही, हे स्पष्ट सांगा. पिक्चर लॉक (दृश्यांची अंतिम जुळणी) होईपर्यंत नकार देता येईल, हे कागदावर लिहून द्या. दुभाषी घरातलं मूल नसावं. आईवर काय गुदरलं ते त्याच्या तोंडून वदवणं क्रूर आहे. लैंगिक हिंसेच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. त्यातले अपवाद वकिलाकडूनच समजून घ्या.

आवाजासाठी लेपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक), रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर, आणि आवाजाची सर्वांत वरची पातळी (पीक) उणे १२ डेसिबलच्या आसपास. पंखा बंद करा, शेवटी मिनिटभर रूम टोन (कोणी बोलत नसताना खोलीचा आवाज) घ्या.

फुटेजच्या दोन एन्क्रिप्टेड (पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या) प्रती वेगवेगळ्या घरी ठेवा. फाइलला खरं नाव देऊ नका, क्रमांक द्या. कुठला क्रमांक कोणाचा, ती यादी फुटेजजवळ ठेवू नका.